मान डोलावली, पण बोललं कोण?

वार्ताहराला किस्से शोधावे लागत नाहीत; चपलेला चिखल लागावा तसे ते चिकटतात. माझ्या चपलेला सगळ्यात जास्त चिकटले ते मान डोलावणाऱ्यांचे. कोल्हापुरात डोलावलेली मान म्हणजे होकार, हा बाहेरच्यांचा समज. तिचा अर्थ ‘ऐकतोय’ असतो, ‘बघू’ असतो, आणि ‘आता निघा’ हाही असतो.

*

गारगोटीच्या सभेत एका पुढाऱ्याला विचारलं, “रस्ता पावसाळ्याआधी होणार?” त्यानं मान डोलावली. मी बातमी दिली. सकाळी त्याचा फोन.

“मी कवा बोललो?”

“मान डोलावलीत की.”

“पावणं, डुलकी लागलीती मला!”

*

त्यावर संपादक कडाडले, “मान छापता येत नाही. शब्द आणा.”

आमचा फोटोग्राफर सलीमभाई म्हणाला, “मी फोटो काढत जातो की, साहेब.”

“फोटोत मान हलताना दिसते काय?”

*

पुढं सलीमभाई उचगावला मुलगी बघायला गेला. “पसंत हाय न्हवं?” असं तिच्या मामूनं विचारल्यावर मुलीनं मान डोलावली. पेढ्यांचे पुडे फुटले. सलीमभाई अडून बसला, “मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”

मुलगी म्हणाली, “न्हाय.”

भाई आठवडाभर संपादकांशी बोलला नाही. मी मात्र त्याला तेव्हापासून मानतो.

*

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सापडून एक कामगार गेला. मॅनेजरचं म्हणणं, सुरक्षेची जाळी त्यानं स्वतःच काढली, चूक मयताची. त्याची बायको सुरेखाताई एवढंच म्हणायच्या, “मेल्याल्या माणसावर आळ नको.” जाळी आधीपासून नव्हती, हे पाहिलेला एकच माणूस होता. त्याच मशीनवरचा जोडीदार, बाबू.

चौकशीत अधिकाऱ्यानं बाबूला विचारलं, “जाळी आधीच काढलेली होती?”

बाबूनं समोर बसलेल्या मॅनेजरकडं पाहिलं. मग मान जराशी डोलावली. अधिकाऱ्यानं लिहून घ्यायला सांगितलं, “साक्षीदाराने उत्तर दिले नाही.”

मी उठलो. “दिलं की! आम्ही सगळ्यांनी बघितलं.”

“तुम्ही साक्षीदार आहात काय? बसा खाली.”

मी बसलो. बाबूची नजर पुन्हा मॅनेजरकडं गेली. तेवढ्यात सुरेखाताई उठल्या आणि मॅनेजरकडं पाठ करून बरोबर त्या दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. बाबूला आता मॅनेजर दिसत नव्हता.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडं बघून सांगा.”

“जाळी आधीच काढल्याली, वैनी. सायबांनीच काढाय लावली.”