पाण्यानं पुस्तक वाचलं न्हाई

वडूजच्या शाळेत विज्ञान शिकवणं म्हणजे रोजचं भांडण. पुस्तकाचं वर्गाशी, वर्गाचं माझ्याशी! किस्से साठतात ते त्यातूनच. बहुतेकांत आठवीतली शुभांगी असतेच.

* * *

‘भिंत ढकलली आणि ती हलली नाही, तर कार्य शून्य,’ मी शिकवलं.

शुभांगी उठली. ‘मॅडम, खताची पाटी डोक्यावर घेऊन तासभर उभं ऱ्हायलं तरी शून्य?’

‘शून्य.’

‘मग या की रविवारी आमच्या रानात, शून्य कार्य करायला!’

गेले. सोमवारी मान वळत नव्हती. व्याख्या मात्र मी बदलली नाही!

* * *

वीट आणि खडा एकदम सोडले, तर आधी काय पडेल? वर्गात मतदान घेतलं. वीट भरघोस मतांनी निवडून आली. मग गच्चीवरून दोन्ही सोडले. एकच धप्प!

मुख्याध्यापक धावत बाहेर आले. ‘कुणी पाडली वीट?’

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘गुरुत्वाकर्षणानं!’

* * *

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘पाणी किती अंशाला उकळतं?’

‘आमच्यात अठ्ठ्याण्णवला,’ शुभांगी म्हणाली.

‘चूक. शंभर.’

तिनं लगेच स्पिरिटच्या दिव्यावर पाणी ठेवलं. पाणी खदखदलं, पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला. वडूज उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी, असं मी सांगितलं.

‘ते ठीक आहे. पण पुस्तकात शंभर आहे!’

‘आवं साहेब, पाण्यानं पुस्तक वाचलं न्हाई!’

* * *

सांगलीच्या प्रदर्शनात सगळीकडे रोबोट. शुभांगीकडे पाण्याचा ग्लास आणि पुठ्ठा. परीक्षक म्हणाले, ‘यात नवीन काय?’

तिनं ग्लासवर पुठ्ठा ठेवला, ग्लास उलटा केला आणि थेट त्यांच्या डोक्यावर धरला. पाणी सांडलं नाही, पण परीक्षक टुणकन मागे सरले!

‘सर, हवेच्या दाबावर इश्वास न्हाई व्हय?’

बक्षीस अर्थातच रोबोटला.

* * *

सूर्यग्रहणाच्या सकाळी पोरांना मैदानात जमवू नका, असं गावातल्या मोठ्यांनी मला बजावलं होतं. आम्ही जमलो. शुभांगी धान्याची चाळण आणि पोटुशी वहिनी, दोन्ही घेऊन आली! मागोमाग तिची आई.

‘घरात चल आदी! पोराला काय झालं म्हंजी?’

वहिनीचा चेहरा उतरलेला. शुभांगीनं चाळण उन्हात धरली. भोकाभोकातून प्रकाश उतरला आणि वहिनीच्या पोटावर, हिरव्या साडीवर, इवल्या इवल्या सूर्यकोरी पसरल्या.

‘आई, ह्ये बग गिराण. एवढंच आसतंय.’

आईनं वहिनीचा दंड धरून ओढलं. वहिनी हलली नाही. तिनं दंड सोडवला, शुभांगीच्या हातातली चाळण घेतली, हात लांब करून पोटासमोर धरली आणि सासूला म्हणाली,

‘आत्याबाई, जरा सरका. सावली पडतीया.’