बशीतल्या गाठीचं सुतक

पासलीच्या हौसामावशी पुण्याला आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या थेट स्वतःच्या गाठीला भेटायला. "कुठं हाय ती सटवी?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी त्यांच्या शेजारच्या भोरचा आहे हे कळल्यावर तर त्यांनी माझा ताबाच घेतला.

त्यांच्या छातीतली गाठ पहिल्या औषधाला बधली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिचा कणभर तुकडा आमच्याकडे पाठवला. तो आम्ही छोट्या बशीत जगवायचा, वाढवायचा आणि त्यावर निरनिराळी औषधं घालून बघायची. तिथे जे लागू पडेल, ते मावशींना. दुसरंही औषध चुकलं असतं, तर हातची वेळ गेली असती.

मी सूक्ष्मदर्शकातून गाठीच्या पेशींचे ठिपके दाखवले. मावशींनी एक डोळा मिटून पाहिलं. "भवाने, माझं खाऊन माझ्यावरच उठलीस व्हय!" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "उपाशी न्हाई ना ठिवत तिला?" पुढे दर आठवड्याला फोन. "खातीया का? थंडी न्हाई ना वाजत?" माझ्या तब्येतीची इतकी चौकशी माझ्या घरीसुद्धा होत नाही.

तिसऱ्या औषधानं बशीतली गाठ साफ मेली. मी फोनवर आनंदानं ओरडलो, "मावशी, मेली! उद्याच हे औषध सुरू करायचंय."

पलीकडून हुंदका. "माझ्याच रक्तामासाची व्हती रं. धा दिस सुतक हाय. सुतकात नवं काय सुरू करत न्हाईत."

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर चिडले, मावशींचा मुलगा हात जोडून दमला. शेवटी मीच पुन्हा फोन केला. "मावशी, तिला दात आले होते का?"

"बशीत कसलं आल्यात दात?"

"मग बिनदाताच्या लेकराचं कुणी दहा दिवस धरतं का? आंघोळ केली की फिटलं."

"व्हय की! लई शिकलास रं तू." माझ्या पदवीबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी न्हाऊन पहिल्या एसटीनं हजर.

बशीत मेलेली गाठ अंगातही मरेलच, याची हमी कुणी देत नाही. मी आतून फार घाबरलो होतो. पण गाठ हरभऱ्याएवढी झाली आणि उरलीसुरली डॉक्टरांनी काढली.

शेवटच्या तपासणीनंतर मावशी निरोप घ्यायला आल्या. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणणं अशुभ. 'येते' म्हणायचं असतं. मावशी उंबऱ्यात थांबल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जाते रं, बाबा. येत न्हाई आता!"