जिन्याच्या वळणावर कोण बोलणार

घरसामान हलवणाऱ्या या टोळीची प्रमुख जेमतेम पाच फूट उंच आहे. टोळी तिला वहिनी म्हणते, कारण धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, आणि त्याला सगळे दादा म्हणतात. एकदा फ्रिज उचलताना दादाची कंबर धरली. तो कित्येक आठवडे घरात पडून होता आणि टॉवेलची घडी कशी घालावी, नळ किती घट्ट पिळावा, हे बायकोला पडल्यापडल्या शिकवत होता. डॉक्टरांनी त्याला वजन उचलायची आणि जिने चढायची मनाई केली. आता तो टेम्पो चालवतो. वहिनीची आयुष्याकडून फार मोठी मागणी नाही. तो टेम्पोतच बसून राहावा, एवढीच.

टोळीत तिघे आहेत. एक लांब्या. दुसरा पैलवान, जो फुंकर मारली तर उडेल. तिसरा वहिनीचा धाकटा भाऊ. तो दादाचा मेव्हणा म्हणून सगळ्यांचाच मेव्हणा.

मध्यंतरी एक आरसा फुटला. लांब्याने पैलवानाकडे बोट दाखवलं, पैलवानाने मेव्हण्याकडे, आणि मेव्हण्याने आरशाकडे. दादाने टेम्पोच्या खिडकीतून डोकं काढून सांगितलं, की आता एक जरी वस्तू मोडली तर तो स्वतः वर येईल. वहिनीने घाबरून त्याच दिवशी नियम केला: उचलताना जो ‘घे’ म्हणेल, नुकसानीला तो जबाबदार.

नियम इतका चोख पाळला गेला, की कोणी ‘घे’ म्हणेचना. भुवया उडवून सोफे उचलले जाऊ लागले, मान हलवून पलंग खाली ठेवले जाऊ लागले. एका गिऱ्हाइकाला वाटलं, बिचारे तिघेही मुके आहेत. त्याने हातवारे करून चहा विचारला. तिघांनी हातवारे करूनच साखर जास्त मागितली.

मग एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं लाकडी कपाट आलं. जायचं होतं तिसऱ्या मजल्यावर. वरच्या बाजूला मेव्हणा उलटा चढत होता, त्याच्या मागे वहिनी. खाली लांब्या आणि पैलवान. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लांब्या खोकला. पैलवानाला तो इशारा वाटला आणि त्याने उचललं. मेव्हण्याला तोच इशारा वाटला आणि त्याने टेकवलं. कपाट भिंत आणि कठड्याच्या मध्ये पाचरीसारखं बसलं.

शेजारच्या काकूंनी दार उघडून सल्ला दिला, की कपाटाचे दरवाजे काढा. समोरचे काका म्हणाले, जिना काढा. टोळीने नुसत्या भुवया उडवल्या. खालून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि मग टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला. वहिनी ओळखून चुकली, की दादा वर निघाला.

“ऐका,” ती म्हणाली. “आता काही मोडलं तर ते माझं. कोण काय म्हणालं ते मला नंतर आठवणार नाही. ज्याला जे दिसतंय ते बोला.”

तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसे दोघे एकदम सुटले. पैलवानाला कपाटाचा पाय कठड्यात अडकलेला दिसत होता. लांब्याचा अंगठा केव्हाचा भिंतीला चेपला होता. मेव्हण्याने मागे वहिनीकडे मान वळवली.

“ताई, उलटं चालताना मला डावं-उजवं कळत नाही.”

“कधीपासून?”

“लहानपणापासून.”

“मग तो आरसा?”

“तोही.”

लांब्याने विचारलं, की गाढवा, आधी का नाही बोललास? मेव्हणा म्हणाला, तू हसला असतास. अंगठा मोकळा झाला की हसतो, असं लांब्याने कबूल केलं.

वहिनीने डावं-उजवं तिथल्या तिथे रद्द केलं. यापुढे फक्त भिंत आणि कठडा. मग ती स्वतः ‘घे’ म्हणाली, पैलवानाने पाय सुटल्याचं ओरडून सांगितलं, मेव्हणा भिंतीकडे झुकला, आणि कपाट मुकाट्याने वळलं.

वर नेऊन ठेवल्यावर दिसलं, की एका दरवाजाची मूठ गायब आहे. तेवढ्यात दादा कमरेवर हात ठेवून धापा टाकत पोचला आणि विचारता झाला, हे कोणी केलं. मी, असं लांब्या म्हणाला. पैलवान म्हणाला, मीच. मेव्हण्याचं मत पडलं की बहुतेक तोच. वहिनीने सांगितलं, सगळं तिचंच. दादा एका माणसाला झापायच्या तयारीने तीन मजले चढला होता. आता कोणापासून सुरुवात करावी ते त्याला कळेना.

बाईंनी चष्मा लावून दरवाजा पाहिला. ती मूठ कपाट विकत घेतलं तेव्हापासूनच नव्हती, म्हणाल्या.

दादा सुटकेचा श्वास सोडून पायरीवर बसला. आणि तिथून त्याला उठता येईना.

शेवटी बाईंची हातांची खुर्ची मागून घेतली, दादाला तिच्यात बसवून पट्ट्याने बांधला, आणि चौघांनी उचलला. भिंत, कठडा, भिंत, असं करत वरात उतरू लागली. वळणावर दादाने मागे मान वळवून सूचना केली, की खुर्ची जरा डावीकडे घ्या.

“अहो,” वहिनी म्हणाली, “सामान बोलत नाही.”