देवाचा खिळा

नव्वदच्या दशकात काकांनी नाशिकरोडला एक जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, शेगडी, पंखा, ट्यूब बसवून तिचं फिरतं घर केलं. थाट झकास होता. फक्त गाडी खड्ड्यात आदळली की फ्यूज उडायचा आणि सगळं बंद. काकांनी बॅटरी बदलली, मग ट्यूब, मग पंखा. शेवटी गाडीला नजर लागल्याचं ठरलं आणि पुढे लिंबू-मिरची आली. तरीही फ्यूज उडतच राहिला. दर वेळी आम्ही आधी आतल्या देवाच्या तसबिरीला हात जोडायचे, मगच नवा फ्यूज घालायचा, असा काकांचा हुकूम होता. माझं डोकं फिरायचं.

एकदा चांदवडला थांबलो असताना काकूंनी पुसायला तसबीर उतरवली. तिच्या खिळ्याभोवतीचं प्लायवूड जळून काळं पडलं होतं. काकांनी खिळा थेट मागच्या वायरीत ठोकला होता! मी तो उपटला, वायरीला टेप गुंडाळली, फ्यूज घातला. सटाण्यापर्यंत खड्ड्यांमागून खड्डे आले, पण ट्यूब साधी मिणमिणलीसुद्धा नाही.

"बघ, पावला की नाही देव?" काका म्हणाले.

मग "देवाला असं पलंगावर लोळवतात का?" म्हणत त्यांनी हातोडी काढली आणि तोच खिळा वीतभर वर ठोकला. फट्‌ आवाज झाला. ट्यूब गेली, पंखा थांबला.

काका माझ्यावरच खेकसले, "तू आज निघताना नमस्कार केला नव्हतास ना?"