मनुबाईची बारावी जुडी

कोलशेतच्या खाडीकाठी मनुबाईच्या गाठीला मान होता. तिच्या हातची गाठ सुटत नाही, सोडवावी लागते, असे कोळीवाड्यात म्हणत. बाप सांगायचा, मासा फाटक्या जाळ्यातून जात नाही, आळशी गाठीतून जातो. पण नव्वद साल उजाडेपर्यंत खाडीचे पाणी काळवंडले, मासा दूर गेला, आणि दुरुस्त करायला जाळीच उरली नाहीत. तेव्हा चाळिशी ओलांडलेली मनुबाई पदर खोचून चौबळसाहेबांच्या कारखान्यात गेली.

कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड. पण काम लष्कराचे. रानात पांगलेल्या गाड्या, तोफा आणि अधिकारी वायरलेसने एकमेकांना जोडायचे, एकाने पाहिलेले सगळ्यांना त्याच क्षणी कळले पाहिजे, असे लष्कराने तेव्हा मनावर घेतले होते. यंत्रे बंगळूरची एक मोठी कंपनी करणार होती. गाडीच्या पोटात यंत्राला यंत्र जोडणाऱ्या तारांच्या जुड्या करणार होते चौबळांसारखे छोटे कारखानदार. एका जुडीत चौसष्ट तारा. त्या मेणाच्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर आवळायच्या. डोंबिवलीची शालू, डिप्लोमा झालेली सुपरवायझर, तारांचा नकाशा समोर घेऊन बांधायला बसली की घामाघूम व्हायची. मनुबाईने एका तयार जुडीकडे घटकाभर पाहिले, नकाशा उलटाच ठेवला आणि दुपारपर्यंत जुडी बांधून दिली.

"मावशी, नकाशा उलटा होता," शालू म्हणाली.

"जुडी सुलटी हाय ना? मंग झाला."

नमुन्याच्या बारा जुड्या पास झाल्या तर तीन वर्षांचे काम, आणि मनुबाई कायम. नापास झाल्या तर शेडला कुलूप, आणि मनुबाई पुन्हा रिकाम्या खाडीकडे तोंड करून बसणार. चौबळांनी हे तिला स्वच्छ सांगितले होते.

अकरा जुड्या झाल्या आणि मेणाचा दोरा संपला. तपासणी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. चौबळ नौपाड्यातल्या घरून फोनवर फोन करत राहिले. दोरा मुंबईत होता आणि दुकानदार कुणाच्या तरी लग्नात. शालूने साधे सूत आणले. मनुबाईने ते बोटांत फिरवून तोंड वाकडे केले. कच्च्या सुताने गाठ बांधणे म्हणजे कोळ्याच्या घरात पाप. तिने कुणाला विचारले नाही. सूत घरी नेले. नायलॉन येण्याआधी बाप जाळे मुरवायचा तसे ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळले, चुलीपाशी सुकवले, आणि होडीला चोपडतात ते मुशी माशाचे तेल त्यात बोटांनी जिरवले. सकाळी बारावी जुडी तयार. तांबूस, चकचकीत, बाकीच्या अकरांहून देखणी.

तपासायला आलेले सुभेदार साताऱ्याकडचे. मिशा जाड, बोलणे थोडे. एकेक जुडी ओढत, पिळत, पाण्यात बुडवत त्यांनी अकरा पुढे सरकवल्या. बारावी हातात घेताच त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी ती खाली ठेवली आणि नाक पुसले. तेवढ्यात शेडमधली करडी मांजर टेबलावर चढली आणि लष्कराची जुडी दातांत धरून निघाली.

"साहेब, दोऱ्याचा लॉट जरा..." शालूने सुरुवात केली.

"लॉट नाय, मी," मनुबाई मध्येच बोलली. "मेनाचा दोरा सपला. कच्च्या सुतान बांधायची आमच्यात रीत नाय. म्हनून मुरवला."

चौबळांनी डोळे मिटून घेतले.

"कशात मुरवलं?" सुभेदारांनी विचारले.

"ऐनाची साल, न् वरशी मुशीचा तेल. धा वर्सां कुजनार नाय."

सुभेदारांनी मांजरीकडून जुडी सोडवली. एक टोक स्वतः धरले, दुसरे चौबळांना दिले आणि ओढले. चौबळ सरकले, गाठ सरकली नाही.

"गाठ कबूल," सुभेदार म्हणाले. "पण बाई, शत्रू यायचा तेव्हा येईल. त्याआधी मुलखातले सगळे उंदीर न् कोल्हे आमच्या गाडीत मुक्कामाला येतील, त्याचं काय? बारातली एक नापास म्हणजे नमुना नापास." त्यांनी पेन उघडले.

मनुबाई टेबलाला हात टेकून उभी राहिली. "साहेब, एक गाठ चुकली म्हनून आमी जाला फेकून नाय देत. गाठ बदलतो."

"इथं नियम असतो."

"नियमात खोटा बोलाचा लिवलाय काय? मी तं खरा सांगितला."

पेन थांबले. चूक झाकणारे कारखानदार सुभेदारांनी पुष्कळ पाहिले होते, आणि झाकलेली चूक सीमेवर जाऊन उघडी पडते तेही पाहिले होते. "तपासणी अपुरी, असं लिहितो," ते म्हणाले. "सोमवारी येईन. एकच जुडी, नकाशाप्रमाणे."

शुक्रवारी दोरा आला. मनुबाईने तीनदा साबणाने हात धुऊन जुडी बांधली. सोमवारपर्यंत घरात मासळी शिजवली नाही, आणि नवरा नाथा तिच्याशी बोलेनासा झाला.

सोमवारी सुभेदारांनी जुडी ओढली, पिळली, बुडवली. मग म्हणाले, "तुमची ती दुसरी तपासनीस कुठंय?"

चौबळ स्वतः मांजर घेऊन आले. तिने जुडी हुंगली, मनुबाईकडे फसवल्यासारखे पाहिले आणि पंजा चाटत बसली. सुभेदारांनी सही केली.

मनुबाईला कायम केल्याचे पत्र त्याच दुपारी टाइप झाले. शालूने ते वाचून दाखवले.

"परत वाच," मनुबाई म्हणाली. "सावकास."

दुसऱ्या वाचनात तिने एकेका शब्दाला मान डोलावली, पत्राची घडी चोळीत खोचली, आणि कायम झालेल्या माणसाच्या रुबाबात अर्ध्या दिवसाची रजा मागितली. नाथाला बोंबील करून घालायचे होते.