नऊ जणांना सापडलेलं फॉस्फेट

धनाजीमामा आमच्या वाशीच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट होते. मूळचे पाटणकडचे. बारा-तेरा वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली, पाठीनं दगा दिला, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं इथे लागले. शिक्षण सातवी.

पंचाण्णवच्या दिवाळीनंतर केमिस्ट्री शिकवणाऱ्या सरोजिनी मॅडमनी बाटल्यांची जुनी लेबलं बदलायला सांगितली. मामांनी ती बघून बघून उतरवली आणि कॅल्शियम क्लोराइडमधला क्लोरीनखालचा बारका दोन गाळला.

"धनाजी, नुसतं चित्र काढू नका," मॅडम म्हणाल्या. "आयनांची नावं आणि चार्ज पाठ करा. मग चुकणारच नाही." आणि तीस आयनांची यादी मराठीत लिहून दिली.

मामांनी फारच मनावर घेतलं. दोन दिवसांनी आम्हालाच समजावू लागले, "कॅल्शियमचं पोतं दोन माणसांचं. एकट्या क्लोराइडला उचलतंय व्हय? म्हणून दोन लागत्यात." मॅडमच्या तीन लेक्चरांत मला जे कळलं नव्हतं ते तिथे कळलं. टेस्टट्यूब विसळताना, बर्नर पुसताना त्यांचं चालूच असायचं. सोडियम एक अधिक, सल्फेट दोन वजा. अडायचे ते फक्त फॉस्फेटला. तिथे गाडी आली की रुतलीच.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचं प्रॅक्टिकल झालं. प्रत्येकाला एकेक अनोळखी क्षार, त्यातले आयन ओळखायचे. माझ्या नळीत पांढरी पूड होती आणि डोक्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन मामा माझ्या मागून गेले. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "फॉस्फेट... फॉस्फेट..."

मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो आणि लिहून मोकळा झालो. शेजारच्या तबरेजनं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्यानंही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन लॅबमध्ये आल्या.

"वीस मुलांतल्या नऊ जणांना फॉस्फेट सापडलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी काल एकालाही फॉस्फेट दिलं नव्हतं. नऊही जणांनी लिहिलंय, अमोनियम मॉलिब्डेट घातल्यावर पिवळा साका आला. ती बाटली दिवाळीपासून रिकामी आहे. कुणी सांगितलं?"

शेवटी तबरेज उठला. "मॅडम, मामांनी. म्हणजे, आम्हाला तसं वाटलं."

मॅडमनी मामांकडे पाहिलं. "धनाजी, काय घेतलंत मुलांकडून?"

मामांचा चेहरा उतरला. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, "म्याडम, आईशप्पत, चहासुदीक घेतला न्हाई. म्या पाठ करत हुतो. तुमीच सांगितलंय न्हवं?"

"असं? अॅल्युमिनियम?"

"तीन अधिक."

"बायकार्बोनेट?"

"एक वजा. कार्बोनेट दोन वजा, त्यात हायड्रोजन एक अधिक घुसतोय, म्हणून एकच ऱ्हातो."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. बारावीच्या वर्गात हे उत्तर त्यांना वर्षभरात मिळालं नसावं. परमँगनेट, अमोनियम, नायट्रेट. मामा धडाधड सांगत गेले.

"फॉस्फेट?"

मामांनी छताकडे पाहिलं. मग फडक्याकडे.

"तीन वजा!" आम्ही नऊ जण एकदम ओरडलो.

मॅडम हसू दाबायला फळ्याकडे वळल्या, पण खांदे हलताना दिसत होते. आम्हा नऊ जणांना प्रॅक्टिकल पुन्हा द्यावं लागलं. मामांची मात्र त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मामा इतके संकोचले की स्वच्छ बीकरच पुन्हा धुवायला लागले.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मामांनी आपणहून रजा मागितली. कोणती बाटली कुठे आहे हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती मिळाली नाही. मग चारही दिवस त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नुसती मान हलवायचे. एका पोरानं त्या मान हलवण्यातूनही काही अर्थ काढायला सुरुवात केली, तेव्हा मामा सरळ व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.