‘पानी’तला न

पापडीच्या नाक्याजवळ मी अकरा वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, चर्चच्या सणाची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, जे येईल ते. राहायला वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत, माहेर साताऱ्याकडचं, आणि शुद्धलेखनावरून माझं डोकं फार लवकर फिरायचं. रिक्षांच्या मागे लिहिलेलंसुद्धा मी मनातल्या मनात दुरुस्त करत असे. याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

नव्वदच्या दशकात मराठी फॉन्ट म्हणजे ज्याचं त्याचं राज्य होतं. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या नंबराला ‘क’ असायचा, त्याच नंबराला दुसरीच्या फॉन्टमध्ये अर्धा ‘ष’ बसलेला असायचा. त्यामुळे कुणी फ्लॉपी आणून दिली की पडद्यावर आधी शिव्याच दिसायच्या. मग मी तक्ता करायची: तिकडचा हा नंबर म्हणजे आपल्याकडचा तो. तक्त्यात एक ओळ चुकली की एक अक्षर गावभर चुकायचं. एका सोसायटीच्या अहवालात माझ्या तक्त्याने सगळ्या ‘ण’चे ‘न’ केले होते. ‘सर्वसाधारन सभा’ बघून सेक्रेटरी दुकानात येऊन इतके ओरडले की समोरचा भाजीवाला बघायला आला. तेव्हापासून ‘ण’ या अक्षराशी माझं वैयक्तिक भांडण होतं.

त्यानंतर महिन्याभरात गुरुजी आले. मिठागरांजवळच्या एका गावातले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, खिशाला लाल पेन. त्यांच्या आईला नव्वदावं वर्ष लागलं होतं. तिची गाणी, मिठागरात काम करताना म्हणायची, लग्नात म्हणायची, त्यांना छोट्या पुस्तकात छापायची होती. त्यांच्या भाचीने आजीसमोर बसून ती ऐकली होती आणि मुंबईच्या आपल्या ऑफिसात टाइप केली होती. फ्लॉपी तिची. प्रस्तावना गुरुजींच्या हातची, कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात.

“जरा लवकर करा, ताई,” गुरुजी म्हणाले. “आईचा डावा कान गेलाय. उजवाही निघायच्या बेतात आहे. तिला वाचता येत नाही, मलाच वाचून दाखवायचंय. तिला ऐकू येतंय तोवर.”

मी फ्लॉपी उघडली, तक्ता लावला, आणि पहिलीच ओळ आली: ‘पानी आलं बांधावरी, कोन जातं गो आगरी’. पुढे ‘गानी’, ‘लोनी’, ‘आंगन’. अख्ख्या फाइलमध्ये एक ‘ण’ नाही. मी कपाळावर हात मारला. पुन्हा तक्ता! तक्ता चारदा तपासला, त्यात काही चूक सापडली नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी डोळ्यांसमोर होते, म्हणून मी तक्त्यावर विश्वास ठेवला नाही.

आधी सरसकट सगळ्या ‘न’चे ‘ण’ करून पाहिले. ‘णवरा’, ‘णाव’ आणि ‘माझं मण’ असलं काहीतरी झालं. ते मागे घेतलं आणि एकेक शब्द हाताने दुरुस्त करत बसले. दोन दिवस गेले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हेही सांगते.

एक गोष्ट मात्र खटकली होती. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी ठरलेली असते आणि ‘ण’ हा ‘न’पेक्षा चांगलाच रुंद. फ्लॉपीवरची गाणी प्रस्तावनेसकट बरोबर बत्तीस पानांत बसत होती, म्हणजे छपाईचे सोळा पानांचे दोन फर्मे. दुरुस्तीनंतर लांब ओळींच्या शेवटचे शब्द खाली घसरायला लागले आणि पुस्तक तेहतिसाव्या पानावर गेलं. अक्षरं मला सांगत होती की आम्ही इथली नाही. मी दोन अक्षरांमधलं अंतर थोडं आवळलं आणि त्यांना गप्प केलं.

गुरुजींनी प्रूफ दुकानातच बसून तपासलं. लाल पेन हातात धरलेलं, पण ते कागदाला एकदाही लागलं नाही. “एकसुद्धा चूक नाही,” ते म्हणाले. “आमच्या भागात असं काम मिळत नाही.” तीस वर्षं ज्यांनी पोरांच्या ‘पानी’खाली रेघ मारून अर्धा मार्क कापला, त्यांना ‘पाणी’ कशाला खटकेल?

दुसऱ्या दिवशी ते परत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“आईला वाचून दाखवलं,” ते म्हणाले. “सगळं ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, चांगली हायेत, पन ही कोनाची गानी?”

मी सोसायटीच्या अहवालाची हकीकत सांगितली, तक्ता दाखवला. गुरुजींनी तक्ता पाहिला नाही. “भाचीनं ऐकलं तसं टाइप केलं होतं,” ते म्हणाले. “आमच्या घरात पानीच म्हणतात. मीही म्हणायचो, शाळेत जाईपर्यंत.” मला लाज वाटली. चूक होऊन वाटते ती नव्हे. चूक होऊन तिचं कौतुक करून घेतल्यावर वाटते ती.

फ्लॉपीवरची मूळ फाइल सुदैवाने पुसलेली नव्हती. पुन्हा लावली, अंतर सैल केलं. सगळ्या ओळी आपापल्या जागी गेल्या, बत्तीस पानं झाली. प्रस्तावनेत गुरुजींचे ‘ण’ होते ते तसेच ठेवले. या वेळी प्रूफ घेऊन मीच त्यांच्या गावाला गेले. ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

म्हातारी ओटीवर बसली होती. नऊवारी, हातात सुपारी, उजवा कान आमच्याकडे. गुरुजी त्या कानाजवळ वाकले आणि त्यांनी मोठ्याने, वर्गात वाचावं तसं वाचलं: “पाणी आलं बांधावरी, कोण जातं गो आगरी.”

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर ‘पानी’ होतं.

“कोनाची ही?” म्हातारीने विचारलं.

गुरुजींनी पुन्हा वाचलं, सावकाश. “पा… णी.” एरवी बोलताना ‘पानी’ म्हणणारे गुरुजी, डोळ्यांना ‘न’ दिसतही होता, पण कागदावरून वाचताना जीभ ऐकायला तयार नव्हती. तिसऱ्यांदा ते ‘पा’वरच थांबले आणि कागद त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे मला बघवेना.

प्रूफ वाचायची माझी एक सवय आहे. अर्थाकडे बघायचं नाही, समोर जे अक्षर आहे तेच म्हणायचं. नाहीतर मन चुका झाकून टाकतं. मी म्हातारीच्या कानाशी बसले आणि तसंच वाचलं. “पानी आलं बांधावरी.”

पुढची ओळ मला वाचावीच लागली नाही. म्हातारीने ती म्हटली, चालीत. सुपारी बाजूला ठेवून तिने अख्खं गाणं म्हटलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “तू कोनाची गो?”

“मी एव्हरशाईनची,” मी म्हणाले.

तिला हे काही पटलं नाही. तिने मुलाकडे पाहिलं. “हिच्याकडून शिकून घे,” ती म्हणाली, आणि पुढचं कडवं सुरू केलं. हे कडवं भाचीच्या फाइलमध्ये नव्हतं, प्रूफमध्ये नव्हतं, गुरुजींनीही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने खिशातून पेन काढलं आणि ते प्रूफच्या मोकळ्या कडेला लिहायला लागले.

पहिल्याच ओळीत त्यांनी ‘कोण’ लिहिलं. हात थांबला. आई पुढे गातच होती. गुरुजींनी त्या ‘ण’वर लाल रेघ मारली, वर ‘न’ लिहिला आणि ते तिच्या गाण्यामागे धावत सुटले.